ऐकू येत नाही, कारण फार ऐकू येतं

माझा रिसीव्हर गेला त्या रात्री माझ्या मनात पहिला विचार आला, वा! काय शांत झालाय आज बँड!

पहाटेचे साडेतीन. १६० मीटरचा बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या लहरींचा एक पट्टा. इथे एरवी तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी तडतड चालू असते, तिच्याखाली पिठाच्या गिरणीची असावी तशी घरघर, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुणीतरी हजारो किलोमीटरवरून मोर्सच्या सांकेतिक लिपीत हाक मारतंय असं आपण मानून चालायचं. त्या रात्री मी उत्तर द्यायला कळ दाबली, सोडली, आणि सगळं एकदम गप्प. मी डोळे मिटून खुर्चीत रेललो. चांगली दहा मिनिटं ती शांतता मनसोक्त ऐकली. एवढ्या वर्षांच्या खटपटीला शेवटी फळ आलं, असंही मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं की मला हाक मारणारा माणूसही त्या शांततेतच गडप झालाय.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. माझ्याच ट्रान्समीटरने माझाच रिसीव्हर जाळला होता.

हौशी रेडिओवाल्यांत दोन जाती असतात. एक, दिवसाउजेडी २० किंवा १० मीटरवर गप्पा मारून वेळेवर झोपणारी. दुसरी आमची, खालच्या बँडांवरची घुबडं. त्यातही १६० मीटर, म्हणजे १.८ ते २ मेगाहर्ट्‌झ, हे अस्सल घुबडांचं झाड. मध्यम लहरींची प्रसारणं संपतात त्याच्या लगेच वरचा हा पट्टा. दिवसा वातावरणातला डी थर या लहरी गिळून बसतो. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरापर्यंत पोचून परततात आणि समुद्रापलीकडची माणसं ऐकू यायला लागतात. हिवाळ्यातल्या लांब रात्री उत्तम, आणि त्यातही आपल्याकडे किंवा समोरच्याकडे उजाडायची वेळ सर्वोत्तम. माणसाची गाढ झोप नेमकी कधी लागते हे विचारून मगच निसर्गाने हा बँड आखला असावा.

साधा डायपोल, म्हणजे सरळ तारेची अँटेना, टांगायचा तर या बँडला ७८ मीटरच्या आसपास तार लागते, आणि तीही भरपूर उंचावर. माझ्याकडे जागा त्याच्या एक तृतीयांश. मी तार कोपऱ्याकोपऱ्यांवर दुमडून, वळवून, एका ठिकाणी तर चक्क परत मागे आणून बसवली. आश्चर्य म्हणजे तिच्यावरून माझा आवाज बाहेर बरा जायचा. लोकांना मी ऐकू येत होतो. मलाच लोक ऐकू येत नव्हते. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळीत अशा माणसाला मगर म्हणतात: तोंड एवढं मोठं, कान नावालाही नाहीत.

मगरीने यावर जो उपाय करायला नको तोच केला. प्रीअँप आणला. अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसणारी ही डबी सिग्नल मोठा करते. जोडल्याबरोबर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-९ च्याही, म्हणजे दणदणीतच्याही, पुढे गेला. मी त्याच आनंदात आमच्या काकांना फोन लावला. काका माझे सख्खे कुणी नव्हेत, पण माझा जन्म होण्याआधीपासून ते मोर्समध्ये बोलत आले आहेत आणि अजूनही साध्या बोलण्यात वाक्य संपलं की क्षणभर थांबतात.

"काटा वर गेला म्हणतोस," काका म्हणाले. थांबले. "कुणाचा? स्टेशनचा की कचऱ्याचा?"

"दोन्हींचा," मी खरं ते सांगितलं.

"मग तू काय मिळवलंस? अँटेनाची वायर काढ बघू. आवाज पडला?"

पडला. एकदम पडला.

"म्हणजे तुझा डबा बहिरा नाही. डब्याची स्वतःची जी काय खुसखूस असते तिच्या कितीतरी वर बाहेरचा गोंगाट आहे. कर्णा लावून तो आणखी मोठा कशाला ऐकतोस? तो प्रीअँप काढ आणि सिग्नल लहान करणारा अटेन्युएटर लाव."

ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाला कानात कापूस घाल म्हणून सांगणारा वैद्य मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण अटेन्युएटरचं बटण दाबलं आणि बँडवरची निम्मी भुतं पळाली. ती भुतं बाहेर नव्हतीच. शेजारच्या पट्ट्यातली दांडगी प्रसारणं माझ्या डब्यात शिरून आपसात मिसळत होती आणि १६० मीटरवर त्यांची पिल्लावळ निघत होती. १० डेसिबेलचा अटेन्युएटर लावला की खरं स्टेशन १० ने खाली जातं, पण ही मिश्र पिल्लावळ २० ते ३० ने. इतका फायदेशीर तोटा मला आयुष्यात दुसरीकडे कुठे झालेला आठवत नाही.

तरी गिरणीची घरघर उरलीच. तडतडीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नसतो. ती दूरदूरच्या विजांची, आणि विजांना अर्ज करता येत नाही. घरघर मात्र माणसाचीच करणी असते. एलईडी दिवे, चार्जर, सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर, जिथे जिथे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचा व्होल्टेज बदलतात तिथून ही बाहेर पडते. माझा संशय अर्थातच शेजाऱ्यांवर. हातातल्या छोट्या मध्यम लहरींच्या रेडिओत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी असते आणि कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे झालं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो, हे शास्त्र वापरून मी तीन रात्री कुंपणाकडेने फिरलो. रेडिओ कानाशी धरून सावकाश गोल फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी बायकोला माझ्या तब्येतीबद्दल विचारलं.

"आधी आपल्या घराचा मेन स्विच बंद करून बघितलात का?" बायकोने विचारलं.

बघितला नव्हता. इतका साधा विचार सुचायला माणूस तज्ज्ञ नसावा लागतो. रात्री रिसीव्हर बॅटरीवर घेतला, मेन स्विच पाडला, आणि घरघर ठप्प. काखेत कळसा आणि मी शेजाऱ्याच्या भिंतीला वळसे घालत होतो. मग एकेक सर्किट चालू करत जायचं ठरलं. मी अंधारात हेडफोन लावून बसलो, ती बटणांपाशी. "हे?" "नाही." "हे?" "नाही." फ्रिज निर्दोष. राउटर थोडा दोषी. टीव्ही बराच दोषी, पण तोही फक्त चालू असताना. शेवटी एकच खोली उरली, माझी. खोलीत एकच प्लग उरला. त्या प्लगला प्रीअँपचा अडॅप्टर होता. प्रीअँप काकांच्या आज्ञेने बाजूला काढून ठेवला होता, अडॅप्टर तसाच भिंतीला चिकटून घरघरत होता. म्हणजे जास्त ऐकू यावं म्हणून जी डबी आणली, तिला जेवू घालणाऱ्यानेच माझे कान बंद केले होते. बायको काही बोलली नाही. अशा वेळी न बोलण्याचा आवाज एस-९ च्या वर असतो.

यानंतर काही आठवडे मी फेराइटच्या नादी लागलो. कोअॅक्सच्या, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या वायरच्या, बाहेरच्या जाळीवरून घरातला कचरा चालत चालत अँटेनापर्यंत जातो आणि आतल्या तारेतून प्रतिष्ठितासारखा परत येतो. त्याला अडवायला कोअॅक्सचे वेढे फेराइटच्या कड्यातून काढायचे. वेढे दुप्पट केले की अडथळा चौपट होतो. निदान एका मर्यादेपर्यंत. हे कळल्यावर माणूस थांबत नाही. राउटरची वायर, टीव्हीची वायर, दिव्याची वायर, सगळ्या वायरी घुशी गिळलेल्या अजगरांसारख्या जागोजाग फुगल्या. पण काटा एस-९ वरून एस-५ वर आला. एका एस-मात्रेला ६ डेसिबेल धरतात, म्हणजे कचरा २४ डेसिबेलने उतरला. इतकं वजन माझं कधी उतरलेलं नाही.

आता ध्यास लागला तो ऐकण्यासाठी वेगळ्या अँटेनाचा. बोलायला एक आणि ऐकायला दुसरी, ही या बँडवरची जुनी रीत. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचे अमेरिकन हॅम स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे थंडीपावसात तंबू ठोकून बसले आणि त्यांनी अटलांटिकपलीकडच्या हौशी मंडळींचे सिग्नल ऐकून दाखवले. त्यांच्याकडे बेव्हरेज अँटेना होती, हॅरल्ड बेव्हरेज यांनी शोधलेली. जमिनीपासून थोड्या उंचीवर, शेकडो फूट सरळ जाणारी एक तार, टोकाला एक रेझिस्टर आणि तिथून जमिनीत. बोलायला ती कुचकामी, बहुतेक ऊर्जा जमिनीलाच देऊन टाकते. ऐकायला मात्र सोनं, कारण ती एकाच दिशेचं ऐकते आणि बाकी दिशांकडे पाठ फिरवते. मी जागा मोजली. बेव्हरेज शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतून जात होती.

म्हणून मी मीटरभर व्यासाचं एक गोल कडं केलं. लूप. त्याचा कान इवलासा, पण एक गुण असा की ते फिरवलं की एका विशिष्ट दिशेचा आवाज बुडतो. स्टेशन मोठं करत बसायचं नाही, गोंगाटच बुडवायचा. लूपचा सिग्नल फारच क्षीण असल्याने तिथे प्रीअँपला सन्मानाने परत बोलावलं, या वेळी बॅटरीवर. मध्यरात्री अंगणात उभं राहून मी कडं एकेक अंश फिरवत होतो तेव्हा शेजाऱ्यांच्या खिडकीत दिवा लागला आणि लगेच विझला. त्यांनी आता चौकशी सोडून दिली आहे.

आणि चमत्कार झाला. टीव्हीची घरघर बुडाली, आणि तिच्या जागी माणसं होती! एकावर एक, बारीक, दूरची, पण माणसं.

घोळ एवढाच की जागेअभावी हे कडं माझ्या बोलायच्या तारेपासून जेमतेम पाच मीटरवर उभं होतं. बोलण्याआधी एक स्विच हाताने पाडून लूप तोडायचा, असा नियम मी स्वतःला घालून दिला होता. तो मी महिनाभर पाळला. मग ती पहाट आली, एका दुर्मीळ स्टेशनाने माझं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, घेतलं, आणि हात स्विचकडे न जाता कळीकडे गेला.

हिशेब नंतर केला. एस-९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट, तोही आमच्यात दणदणीत सिग्नल. माझ्या १०० वॉटांपैकी समजा शंभरावा भाग जरी लूपमध्ये शिरला असेल, तर तो झाला एक वॉट, म्हणजे ५० ओहमवर सात व्होल्ट. त्या दणदणीत सिग्नलच्या दोन हजार कोटी पट शक्ती. कुजबुज ऐकायला दाराला कान लावावा आणि आतून कुणी तोफ डागावी. प्रीअँप गेला, जाताना रिसीव्हरचा पहिला ट्रान्झिस्टरही सोबतीला घेऊन गेला.

"रखवालदार नेमला होतास का?" काकांनी विचारलं. मग रखवालदारांची भरती सुरू झाली.

पहिला रखवालदार म्हणजे एकमेकांकडे पाठ करून बसवलेले दोन डायोड. व्होल्टेज ०.७ च्या वर गेला की ते वाहू लागतात आणि जास्तीचा माल जमिनीकडे वळवतात. पण हे फार कडक निघाले. आसपासच्या दांडग्या प्रसारणांनीसुद्धा ते अर्धवट उघडायला लागले आणि ती पळालेली पिल्लावळ सहकुटुंब परतली. मध्यम लहरींवरचा एक निवेदक १६० मीटरवर मला बाजारभाव सांगू लागला. मग प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड ओळीने बसवले आणि आधी खालच्या लहरी अडवणारा एक हायपास फिल्टर, तेव्हा निवेदक गेला.

त्यांच्या पुढे, सिग्नलच्या वाटेतच, खेळण्यात असतो तसला बारका दिवा. थंड असताना त्याचा विरोध नगण्य, सिग्नलला कळतही नाही. तोफ डागली की तो तापून उजळतो, विरोध वाढतो, आणि फारच झालं तर स्वतः जळतो पण मागच्यांना वाचवतो. मला हा दिवा फार आवडला. तो दिसावा म्हणून मी डबीला भोक पाडलं.

वाऱ्यापावसाने तारेवर साचणारा भार उतरवायला एक मोठा रेझिस्टर, त्याच्या शेजारी गॅसची नळी. आकाशातली वीज थेट पडली तर यातलं कुणीही काही करू शकत नाही. ढग दिसले की वायर काढून बाहेर टाकणं हा एकच इलाज, आणि तो मी घाबरटपणे पाळतो. सर्वांत शेवटी रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच: कळ दाबली की आधी रिलेने लूप जमिनीला जोडायची, काही मिलिसेकंदांनी ट्रान्समीटरने तोंड उघडायचं. "वीज नसताना लूप जमिनीला जोडलेली राहील असा रिले लाव," काकांनी बजावलं होतं. मी उलटा लावला. तसा जोडायला सोपा होता.

नवा प्रीअँप आला, रिसीव्हर दुरुस्त होऊन आला, आणि पुन्हा एक पहाट. तेच दुर्मीळ स्टेशन. ते हाक मारतंय, मी उत्तर देतोय, आणि डबीच्या भोकातून खोलीभर तांबूस उजेड. रिलेची पिन टेबलावर पडली होती, रात्री साफसफाई करताना मीच काढलेली. दिवा प्रत्येक डॅशला उजळत होता, डॉटला नुसता लुकलुकत होता. माझं कॉलसाइन मी पहिल्यांदाच डोळ्यांनी वाचत होतो. घाबरून पिन खुपसली, श्वास धरून हेडफोन कानाला दाबले. रिसीव्हर जिवंत होता. समोरून उत्तर येत होतं: ५९९, म्हणजे तुमचा सिग्नल एकदम स्वच्छ आणि खणखणीत. आणि पाठोपाठ, कॉलसाइन पुन्हा सांगा.

सांगितलं. ५९९, पुन्हा सांगा. सांगितलं. ५९९, पुन्हा सांगा, इकडे फार खरखर आहे.

आधी घरातला मेन स्विच बंद करून बघा, एवढंच मला त्याला कळवायचं होतं. पण मोर्समध्ये ते वाक्य अर्ध्यावर आलं तोवर खिडकीबाहेर फटफटलं आणि तो बुडत गेला.