आमोसचा दुसरा अध्याय

मागच्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. पाळकसाहेबांचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात हे शब्द. दिमिष्काचे (दमास्कसचे) वाडे जळणार, गज्जाच्या (गाझाच्या) तटाला आग लागणार, मग सोर, अदोम, अम्मोन, असा इस्राएलच्या एकेका शेजाऱ्याचा नंबर लागला. उपदेशात हळूहळू आजचे ‘ते लोक’ही आले. कोण ते लिहीत नाही, प्रत्येकाचे ‘ते लोक’ वेगळे असतात. माना डोलत होत्या. दुसरा अध्याय उघडायच्या आतच आशीर्वाद झाला आणि सगळे घरी गेले.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. आमोसचं वाचन तिथे थांबवणं म्हणजे कीर्तनात आख्यान लागायच्या आत उठून जाणं.

हा माणूस तकोवाचा, म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेकडचा. मेंढरं राखायची आणि उंबरांची देखभाल करायची, हा त्याचा धंदा. (तो उंबर आपल्या उंबराचा चुलतभाऊ.) इ.स.पू. ७६० च्या आसपास तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला. दुसऱ्या यराबाम राजाचा काळ, सरहद्दी वाढलेल्या, श्रीमंतांकडे पैसा खुळखुळतोय. अशा ठिकाणी परगावचा मेंढपाळ बोलायला उभा राहतो आणि सुरुवात करतो शेजाऱ्यांपासून. इस्राएलच्या गिलाद प्रांताला लोखंडी अवजारांनी मळून काढलं म्हणून दिमिष्कावर कोप. हद्द वाढवायला गरोदर बायांची पोटं फाडली म्हणून अम्मोनवर. ऐकणाऱ्यांना गोडच लागणार.

दुसऱ्या अध्यायात मवाब हा आणखी एक शेजारी येतो, आणि मी दर वेळी तिथे अडखळतो. मवाबाचा गुन्हा काय, तर अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलचं काय गेलं? काहीच नाही. एका परक्याने दुसऱ्या परक्याच्या प्रेताची विटंबना केली, तरी देव हिशेब मागतो. म्हणजे हा ‘आमचा देव तुमच्यावर सूड घेईल’ असला मामला नाही. मग यहूदा, दक्षिणेचं राज्य, आमोसचा स्वतःचा मुलूख. उत्तरेकडचे आणखी खूश झाले असतील. आणि त्या खुशीतच आठवं नाव पडतं, इस्राएल. सगळ्यात लांब यादी त्यांचीच.

यादीत मूर्तिपूजा वगैरे पुढे असेल असं वाटतं. पण पहिली ओळच पैशाची आहे. पैशासाठी निर्दोष माणूस विकला, जोडाभर वहाणांसाठी गरीब विकला. गहाण घेतलेल्या पांघरुणांवर हे वेदीशेजारी लोळतात. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळायच्या आत परत द्यावं, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं, म्हणजे रात्री त्याला थंडी वाजू नये. आठव्या अध्यायात तर थेट बाजारच आहे. शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, असं झालेले व्यापारी. धान्याचं माप लहान, गिऱ्हाइकाची चांदी तोलायचं वजन जड, तराजू खोटा, वर गव्हाचा भुसकट-कचराही विकायचा. काटा मारणं म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वडिलांचं किराणा दुकान होतं. खालून पोखरलेलं एक वजन मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या दुकानात ते विचारू नका.

हस्तिदंती पलंगांवर पसरलेल्या लोकांवरही तो तुटून पडतो. ते काव्य नव्हे. १९३० च्या दशकात उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात लाकडी सामानावर बसवायचे कोरीव हस्तिदंताचे तुकडे निघाले.

गर्वाचं म्हणाल तर यशया संदेष्ट्याचा दहावा अध्याय उघडा. अश्शूरचं बलाढ्य साम्राज्य म्हणजे देवाच्या हातातली काठी. पण कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढेच फुशारकी मारू लागली, तेव्हा तिचाही निकाल. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतल्याचं आणि तिथला राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचं स्वतः कोरून ठेवलंय. इ.स.पू. ६१२ मध्ये त्याची राजधानी निनवे पडली. आणि देवाने आग पाडून नष्ट केलेली सदोम नगरी? तिचा अपराध यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायात सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गरिबाला हात न देणं. ही यादी उपदेशात मी तरी फार कमी वेळा ऐकली.

उत्तरेच्या राज्यातल्या बेथेलचा याजक अमस्या आमोसला म्हणाला, यहूदात जा आणि तिथे भाकर खा, इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. पहिले सहा शेजारी ऐकून कुणी तक्रार केल्याची नोंद मात्र नाही.

काल पाळकसाहेबांना फोन केला. माणूस मनाचा चांगला आहे, शांतपणे ऐकून घेतलं. विचारलं, दुसरा अध्याय या रविवारी घेता का? म्हणाले, “अहो, या रविवारी हंगामाचा सण. लोक घरचं धान्य घेऊन येणार. त्या दिवशी काट्यामापाचं नको.”