सर्वोच्च सेनापतीचे कोर्ट मार्शल?

‘राष्ट्रपती तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती आहेत, मग शिपायाला लागू असलेला लष्करी कायदा त्यांनाही लागू हवा आणि वेळ पडल्यास त्यांचेही कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालयातील खटला, व्हावे,’ हा दावा सध्या बराच पसरला आहे. समतेची भाषा असल्यामुळे तो चटकन पटतो, पण त्याचा पायाच चुकीचा आहे.

सर्वोच्च सेनापती हा लष्करातील हुद्दा नव्हे. घटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असले, तरी त्याचा वापर कायद्याने नियंत्रित आहे आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच केला जातो. सेना अधिनियम, १९५० कोणाला लागू आहे याची यादी त्याच्या कलम २ मध्ये आहे. तीत राष्ट्रपती नाहीत. २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईतून उड्डाण केले तेव्हा त्यांच्या अंगावर वैमानिकाचा पोशाख होता, पण त्यामुळे त्या हवाई दलाच्या अधिकारी झाल्या नाहीत.

‘शिपायाला एक न्याय आणि सेनापतीला दुसरा का?’ हा प्रश्न अधिक गंभीर आहे. जिवाची पर्वा न करता राष्ट्रपतींच्या आज्ञा पाळण्याची शपथ सैनिक घेतो. राष्ट्रपती शपथ घेतात ती घटनेच्या रक्षणाची. वरिष्ठाची आज्ञा मोडणे, रजेविना गैरहजर राहणे हे गुन्हे ज्याच्यावर लष्करी वरिष्ठ आहे त्याच्याच बाबतीत संभवतात. शिवाय कोर्ट मार्शलमध्ये न्यायदानाला बसणारे अधिकारी सेना अधिनियमाच्या कलम १८ नुसार राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतात आणि त्यांनी दिलेली शिक्षा अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतीच माफ करू शकतात. असा खटला न्याय्य कसा होणार? आणि हे अधिकारी खरोखरच स्वतंत्र झाले, तर लोकप्रतिनिधींनी निवडलेल्या राष्ट्रप्रमुखाचे भवितव्य सेनाधिकाऱ्यांच्या हाती जाईल. मला याचीच सर्वाधिक धास्ती वाटते.

याचा अर्थ राष्ट्रपती कायद्याच्या वर आहेत, असाही नाही. अनुच्छेद ३६१ फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतो ते पदाच्या कार्यकाळापुरते. पदावर असताना अनुच्छेद ६१ चा महाभियोग, म्हणजे संसदेने राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याची प्रक्रिया, आहेच: एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमत. मात्र महाभियोगाचे एकमेव कारण असलेल्या ‘घटनाभंगा’ची व्याख्या घटनेत कुठेही नाही. राष्ट्रपतींना उत्तरदायी करावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी कोर्ट मार्शलऐवजी या व्याख्येची मागणी संसदेकडे करावी.