धार तोडतो तो पृष्ठताणच

‘पाण्याची बारीक धार खाली जाऊन थेंबांत तुटते ती हवेच्या अडथळ्याने आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने, पृष्ठताण (पाण्याचा पृष्ठभाग आकसून लहान करू पाहणारी ओढ) तिला बांधून ठेवतो.’ हे स्पष्टीकरण सगळीकडे फिरतंय आणि मुलं ते पाठ करताहेत. ते चूक आहे.

आधी हवा. 1.6 मिमी जाडीची धार सेकंदाला 2 मीटर वेगाने पडत असेल, तर तिच्यावर हवेचा दाब जेमतेम 2.4 पास्कल. पृष्ठताणामुळे धारेच्या आत तयार होणारा दाब 90 पास्कल. डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वेगाला हवा महत्त्वाची ठरते, इथे नाही. आणि गुरुत्वाकर्षणाचं म्हणाल, तर आडवी सोडलेली धारही तुटतेच.

खरी गफलत ‘बांधून ठेवतो’ या शब्दांत आहे. धार कुठेतरी केसभर बारीक झाली की तिथला दाब वाढतो, पाणी शेजारच्या फुगीर भागात ढकललं जातं आणि मान आणखी आवळते. धारेवरच्या अशा जाड-बारीक लाटेची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त असेल तरच हे घडतं, हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातोंनी दाखवलं. व्यासाच्या साडेचार पट लांबीची लाट सर्वांत झपाट्याने वाढते, हे 1878 साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंनी गणिताने काढलं. तेवढ्या तुकड्याचा एक थेंब झाला की पृष्ठभाग सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. पृष्ठताणाला हवं असतं ते हेच.

डोळ्यांनी पाहायचं? बाटलीचा तळ कापा, झाकणाला 2 मिमीचं भोक पाडा, बाटली उलटी टांगून 20 सेंमी पाणी भरा. भोकाची कड खरखरीत राहिली तर धार पहिल्यापासूनच वेडीवाकडी येते. ती ब्लेडने साफ करा. पाणी मिनिटभर स्थिर होऊ द्या. आता 240 हर्ट्झचा (सेकंदाला 240 कंपनांचा) सूर वाजणारा फोन बाटलीला टेकवा आणि दुसऱ्या फोनवर सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये, भरपूर उजेडात, चित्रण करा. दोन्ही आकडे जुळत असल्याने थेंब जवळजवळ जागच्या जागी थांबलेले दिसतील, दोन मोठ्यांच्या मध्ये एखादा चिमुकलाही. सूर बंद केला की रांग विस्कटते. तुटण्याची जागा एवढ्याशा थरथरीने ठरते, कारण पृष्ठताण ती थरथर वाढवत नेतो.

‘साबण घातला की धार लवकर तुटते’ हेही उलटं आहे. पृष्ठताण घटला तर तुटायला वेळ जास्त लागेल. पण भोकातून निघालेला पृष्ठभाग काही मिलिसेकंदांचाच असतो, साबणाचे रेणू तिथे पुरेसे पोचलेलेच नसतात. म्हणून फरक अपेक्षेहून कमी दिसतो.