कणकेला थंडी वाजते

घरी ब्रेड करायचा ठराव झाला तो पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून. जो जिन्नस जास्त, त्याचं नाव आधी छापायचं असा नियम आहे. आमच्या 'ब्राऊन' ब्रेडवर पहिलं नाव मैद्याचं निघालं आणि रंग कॅरॅमलचा. "म्हणजे इतके दिवस आपण रंगवलेला मैदा खाल्ला!" असं म्हणत सौ.नं माझ्याकडे बघितलं. जसा काही तो मीच रंगवत होतो. निवृत्त माणसाला घरात दुसरं काम काय? खातं माझ्याकडे आलं.

गिरणीवाला म्हणाला, "खपली घ्या की साहेब, आपल्या भागातला गहू." खपलीची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, एक नंबर होते, वाद नाही. पण ब्रेड फुगायला लागतं ते ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) तिच्यात अगदीच लेचंपेचं. साधा गहू दळून आणला. त्यातही कोंडा आडवा येतोच. त्याचे कण ग्लुटेनचे धागे तोडतात, वर पाणीही ओढून घेतात. म्हणून कणीक चपातीपेक्षा चांगली सैल भिजवायची, अर्धा तास झाकून ठेवायची आणि मग यीस्ट, मीठ घालून मळायची. ही बोटांना चिकटणारी, परातीत पसरणारी कणीक आईला बघवेना. माझी पाठ वळली की ती मूठभर पीठ भुरभुरायची.

खरी परीक्षा पुढेच. बेळगावचा जुलै. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, आणि यीस्टला हवी २५-२७ अंशांची ऊब. तास गेला, दोन गेले, कणीक ढिम्म. सौ. म्हणाली, "बंबाला टेकवून ठेवा." साठ अंशांच्या घरात गेलं की यीस्ट मरतं (माझ्यासारखं नुसतं निवृत्त होत नाही), हे मी समजावून सांगेपर्यंत आईनं पातेल्याला आपली शाल गुंडाळली आणि झाकणावर माझी कानटोपी चढवली. शेजारची कानडी अक्का "एन माडाकत्तीरी?" (काय करताय?) करत आत आली, शालीकडे बघून थबकली आणि दबक्या आवाजात विचारती झाली, "कूस मलगैतेनु?" पोर झोपलंय असं वाटलं तिला. पुढचा सगळा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

कणीक फुगली. ओव्हन तापला आणि लाईट गेली. ते सोडा, ते रोजचंच आहे.

शेवटी ब्रेड बाहेर आला. वरून खरपूस, खालून ठोकला तर पोकळ वाजणारा. आता तासभर हात लावायचा नाही, आतली वाफ जिरू द्यायची, नाहीतर गिचका होतो, असं मी बजावलं. "गार करून कोण खातंय रे?" म्हणत आईनं विळी ओढली, पाटावर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी ब्रेड पात्यावर धरला. वाफ भसकन तिच्या चष्म्यावर. पात्याला ओला मऊ गर चिकटला, तो तिनं बोटानं निपटून तोंडात टाकला. "मीठ बरोबर हाय," असा निकाल दिला, आणि रात्रीच्या रश्श्याबरोबर आख्खा ब्रेड संपला.

दुसऱ्या दिवशी अक्का डबा घेऊन हजर. डब्यात ज्वारीचं पीठ. "नमगू ओंद माडि कोडरी." आम्हालाही एक करून द्या, म्हणे.

"अक्का, ज्वारीत ग्लुटेन नसतंय हो. फुगायचं नाही ते."

"मग ते आणून घाला की," अक्का मराठीत उतरली, "खडेबाजारात मिळत नाही होय?"