पोपिएल, उंदीर आणि क्रुश्वित्साचा बुरूज

पोलंडमधील कुयावी प्रांतात, गोप्वो सरोवराच्या काठी वसलेल्या क्रुश्वित्सा या छोट्या शहरातील ‘उंदरांच्या बुरुजा’चे छायाचित्र पुढे पाठवताना सोबत असा मजकूर असतो: नवव्या शतकातील क्रूर राजा पोपिएल याला उंदरांनी याच बुरुजात कुरतडून मारले, हे शहर पोलंडची पहिली राजधानी होते आणि बुरूज बेटावर उभा आहे.

आधी बुरुजाचे वय पाहू. सुमारे ३२ मीटर उंचीची ही अष्टकोनी, विटांची वास्तू चौदाव्या शतकात राजा तिसरा काझिमिएश याच्या काळी बांधलेल्या किल्ल्याचा भाग आहे; म्हणजे पोपिएल खरोखर होऊन गेला असे धरले तरी त्याच्यात आणि या विटांत पाचएक शतकांचे अंतर पडते. १६५७ मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला उद्ध्वस्त केला आणि एकटा उरलेला बुरूज दंतकथेच्या पथ्यावर पडला.

कथेचे मूळ अधिक बोलके आहे. ती प्रथम आढळते ती बाराव्या शतकाच्या आरंभीच्या, गाल अनॉनिम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाच्या लॅटिन इतिवृत्तात. तिथे पोपिएल ग्न्येझ्नो या दुसऱ्याच शहराचा अधिपती आहे. पदच्युत झाल्यावर तो एका बेटावरील लाकडी बुरुजात आसरा घेतो, मेलेल्या उंदरांच्या दुर्गंधीने सोबती त्याला सोडून जातात आणि अखेर उंदीर त्याचा जीव घेतात. या प्रसंगात क्रुश्वित्साचे नावही नाही. लेखकाला हे ठिकाण ठाऊक नव्हते म्हणावे, तर तेही नाही: १०९६ च्या सुमारास पोलंडचा ड्यूक व्वादिस्वाव हेर्मान आणि त्याचा मुलगा झ्बिग्न्येव यांच्यात इथे झालेल्या लढाईचे वर्णन करताना, सरोवरात इतकी प्रेते पडली की भाविक ख्रिस्ती माणूस तिथले मासे खाईना, असे तोच लिहितो. पोपिएलला इथे आणून बसवले ते नंतरच्यांनी. जर्मनीत ऱ्हाइन नदीतील बिंगेनच्या बुरुजाबाबत आर्चबिशप हाट्टोची अशीच कथा सांगतात, हेही लक्षात घ्यावे.

पहिल्या राजधानीचा मान इतिहासकार ग्न्येझ्नो आणि पोझ्नान या शहरांना देतात, कारण ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पोलंडच्या पहिल्या मिएश्को या राज्यकर्त्याच्या सत्तेची केंद्रे तिथे होती. क्रुश्वित्साचे महत्त्व त्यामुळे नाकारले जात नाही. बाराव्या शतकातील रोमनेस्क शैलीतील दगडी चर्च तिथे आजही उभे आहे.

बेटाचे विधान मात्र सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. बुरुजाची जागा आज जमिनीला जोडलेली आहे. परंतु हिमनदीने कोरलेल्या या लांब, चिंचोळ्या सरोवराची पातळी पूर्वी अधिक होती आणि नोतेच नदीच्या खोऱ्यातील निचऱ्याच्या कामांनंतर ती उतरली.