१८० रुपयांचं पुण्य

काल रात्री ३० रुपयांचं दही घेतलं, ५० ची नोट दिली आणि दुकानदाराने २० च्या जागी २०० परत दिले. कळलं तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर. दोन्ही नोटा पिवळट, २० च्या मागे वेरूळ आणि २०० च्या मागे सांचीचा स्तूप, पण त्या मिणमिणत्या ट्यूबखाली लेणी कोण बघत बसतंय. लिफ्ट बंद. बायको म्हणाली सकाळी द्या, आणि आमच्या घरात "सकाळी" म्हणजे काय ते मला माहितीय, म्हणून मुकाट उतरलो.

दुकानदाराने नोट घेऊन आधी उजेडात धरली. म्हणजे मी खोटी नोट खपवायला आलोय! आणि बाजूला दुधाची पिशवी घेऊन सी विंगचे काका.

"का परत केलीस?"

"त्यांची आहे म्हणून."

"ते झालं रे. पण का?"

आता याला काय उत्तर देणार.

"५०० ची असती तर?"

"तरी केली असती."

"२००० ची?"

"ती २०२३ मध्येच मागे घेतली, काका."

"विषय बदलू नकोस. बरं, याने तुला २० च्या जागी १० दिले असते आणि तुला कळलंच नसतं, तर हा आला असता का तीन मजले चढून?"

इथे दुकानदाराला एकदम बिस्किटाचे पुडे नीट लावायची आठवण झाली.

"म्हणजे तू चांगला वगैरे नाहीस," काकांचा निकाल, "घाबरलास. वर कॅमेरा आहे ना!"

मी वर बघितलं. खरंच होता. आईशप्पथ तोवर मला माहीत नव्हतं, पण एकदा वर बघितल्यावर माझं तोंड असं झालं की मीच मला चोर वाटायला लागलो, आणि मागे अंडी घ्यायला आलेली बाई पर्स काखेत घट्ट धरून उभी राहिली.

शाळेत आम्हाला मूल्यशिक्षणाचा तास असायचा. दहा मूल्यं, भिंतीवर रंगवलेली, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, अजून पाठ आहेत. काल जिना चढताना सगळी मोजली तर त्यात प्रामाणिकपणा नाहीच! नीटनेटकेपणा आहे, हा नाही. बहुतेक शासनालाही काकांसारखे कोणीतरी भेटले असणार.

असो. मी म्हटलं, माझे २० द्या.

"१५ आहेत साहेब, ५ चं चॉकलेट घ्या ना."

मी म्हटलं चॉकलेट नको, सुट्टे द्या, आत्ताच तुमचे १८० आणून दिलेत. तर काका, हेच काका, पाच मिनिटं माझी परीक्षा घेणारे, म्हणतात कसे,

"घे रे, ५ रुपयांसाठी काय एवढं!"

चॉकलेट कॉफीचं निघालं. मला कॉफीचं आवडत नाही. काकांना आवडतं.