ॲम्ब्युलन्स पाटी वाचत वाचत येत नाही

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका रस्त्याबद्दल फिरणारा फॉरवर्ड तिकडे मुलं-सुना असलेल्यांची झोप उडवतोय. ओळखीतल्या एका काकूंनी तो वाचून मुलाला थेट घर बदलायला सांगितलं, म्हणून हा खटाटोप. मजकूर असा : ट्रच स्ट्रीटला कुणालाच वाचता न येणारं आदिवासी नाव दिलंय, ॲम्ब्युलन्सला घर सापडणार नाही, घराचे कागद रद्द होणार, मग जमिनी मूळ रहिवाशांकडे जाणार, आणि इतिहास पुसला जातोय.

नाव बदललं, एवढं खरं. मस्क्वियम या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी दिलेलं नाव महापालिकेने सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केलं, पाट्या जून २०२५मध्ये लागल्या. नाव अवघड आहे, हेही नाइलाजाने मान्य. उलटा ई, वर चढवलेला बारीक डब्ल्यू अशी ध्वनिलिपीतली अक्षरं साध्या कीबोर्डवर नाहीत आणि बऱ्याच संगणकांना ती चालत नाहीत. पण हे महापालिकेला कळत नव्हतं की काय? तिच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की 'मस्क्वियमव्ह्यू स्ट्रीट' हे दुसरं नाव पोस्ट, अग्निशमन दल, ॲम्ब्युलन्स आणि सरकारी वाहन विमा यांच्यासाठी ठेवलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे वाचलं नाही, किंवा वाचून गाळलं.

मुळात ॲम्ब्युलन्स पाट्या वाचत घर शोधत नाही. ९११ या आणीबाणीच्या नंबरवर ऑपरेटर पत्ता टाइप करतो, यंत्रणा तो नकाशावरच्या एका बिंदूशी जुळवते आणि गाडीला तो बिंदू जातो. यंत्रणेतल्या पत्त्यांच्या यादीत एकाच रस्त्याला जुनं नाव, पर्यायी नाव, नेहमी चुकणारं स्पेलिंगसुद्धा जोडता येतं. घोळ होतो तो दुसरीकडे. नवं नाव त्याच भागातल्या दुसऱ्या रस्त्यासारखं ऐकू आलं, पाटी आधी लागली आणि यादी नंतर सुधारली, किंवा नावासोबत घर क्रमांकही बदलले, की गाडी भलतीकडे जाते. इथे घर क्रमांक होते तेच आहेत. आणि 'वाचता न येणारं' म्हणाल तर हा रस्ता ज्या किट्सिलानो भागात आहे, ते नावच स्क्वामिश या मूळ रहिवासी समाजाच्या एका सरदाराच्या नावावरून आलंय. लोक खुशाल 'किट्स' म्हणतात.

कागदांचं थोडक्यात. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात मालकी नोंदते ती प्लॉट, प्लॅन आणि नऊ अंकी पार्सल क्रमांकावर. रस्त्याचं नाव त्यात मालकी ठरवत नाही.

'जमिनी जाणार' ही भीती काउइचन या दुसऱ्या मूळ रहिवासी समाजाच्या जमीनहक्काबद्दलच्या ऑगस्ट २०२५च्या निकालातून उचलून इथे चिकटवलीय. तो खटला रिचमंड या शेजारच्या शहरातल्या जमिनीचा होता. गंमत म्हणजे त्यात मस्क्वियम काउइचनांच्या विरोधात, प्रतिवादी म्हणून उभे होते. म्हणजे ज्यांच्या नावाने घाबरवताय ते त्या खटल्यात दुसऱ्या बाजूला!

आता पुसल्या जाणाऱ्या इतिहासाबद्दल. रस्त्याला ज्याचं नाव होतं तो जोसेफ ट्रच १८६४पासून तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीच्या जमीन खात्याचा प्रमुख होता, १८७१मध्ये प्रांताचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला. आधी मूळ रहिवाशांसाठी राखून दिलेल्या जमिनी त्याने कापल्या आणि कुटुंबामागे साधारण १० एकर हे माप लावलं. त्याच काळात गोऱ्या वसाहतकाराला १६० एकरांवर दावा सांगता येत होता. मूळ रहिवाशाला तसा दावा करायचा तर १८६६च्या अध्यादेशाने गव्हर्नरची खास लेखी परवानगी लागायची. हे सगळं पाटी बदलल्यामुळेच वर आलं. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ट्रच कोण हे माहीत होतं?

तर काकू, मुलाला घर बदलायला लावू नका. बँक, विमा आणि नोकरीच्या ठिकाणी 'मस्क्वियमव्ह्यू' असा पत्ता कळवायला सांगा, पोस्टल कोड तोच. आणि दारावरचा घर नंबर रात्री रस्त्यावरून दिसतो का, ते आजच बघायला सांगा. गाडी दाराशी येऊन अडखळू शकते ती तिथे.